ह्यांच्या मापाची खुर्ची

आधी ह्यांच्या डाव्या पायातली चप्पल सुटायला लागली. घरातून निघाले की रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या गल्लीतच चप्पल मागे राहायची आणि हे पुढे जायचे. "पट्टा ढिला झाला," म्हणायचे. नवी चप्पल आणली, तीही मागे राहायला लागली. मग एका संध्याकाळी शहराबाहेर उरल्याला कारखाना होता, तिथून आले ते गुडघा फोडून घेऊनच. रोलिंग मिलमध्ये यंत्रांची देखभाल करायचे हे. तापलेल्या लोखंडाच्या शेजारी सगळी नोकरी काढली, तिथे कधी पाय घसरला नाही, आणि आता सपाट जमिनीवर पडले होते.

मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सावकाश सांगितलं की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत आणि त्यावर इलाज नाही. पाय जातील, हात जातील, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. बुद्धीला मात्र काही होणार नाही, यांना सगळं समजत राहील.

"म्हणजे मशीन बंद अन् मीटर चालू," हे म्हणाले.

हसावं की नाही ते डॉक्टरांना कळेना. मी जिन्यापर्यंत कसाबसा धीर धरला.

पहिली काठी मीच आणली, औषधाच्या दुकानातून. ती ह्यांना पटली नाही. स्वतः जाऊन खालून चार पाय फुटलेली काठी घेऊन आले. तिची सवय होते न होते तोच वॉकर लागला. पुढेही हे असंच चालू राहिलं. आजचा माणूस पाहून आम्ही वस्तू घ्यायचो आणि ती अंगवळणी पडेपर्यंत माणूस निराळा झालेला असायचा.

स्कूटर सोडायला मात्र हे तयार नव्हते. भनपुरीच्या एका वर्कशॉपमध्ये मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जास्तीची चाकं लावून घेतली. वॉकर घडी करून माझ्या मांडीवर आडवा, मी मागे, हे पुढे, अशी आमची वरात रोज बूढ़ा तलावाला फेरी मारून यायची. त्या स्कूटरवर बसले की हे आजारी दिसायचे नाहीत. ओळखीचं कोणी भेटलं तर उतरायचे नाहीत, बसल्या बसल्याच गप्पा मारायचे, आणि समोरच्याला काही कळायचं नाही. मी मागून त्यांची पाठ पाहत बसायची. पाठ पूर्वीचीच होती.

पावसाळा नुकताच लागला होता. एक दिवस तलावाकडून गल्लीत वळताना समोरून शाळेची एक पोरगी सायकलवर आली. ह्यांनी ब्रेक दाबला, म्हणजे दाबायला गेले. मला मागून दिसलं, उजव्या हाताची बोटं ब्रेकवर नुसती ठेवलेली होती, मिटत नव्हती. ह्यांनी हँडल फिरवलं आणि स्कूटर एका बांधकामासमोरच्या रेतीच्या ढिगात घातली. पोरगी घाबरून उभी राहिली, मग निघून गेली.

"लागलं काय तुले?"

"नाही. तुम्हाले?"

ह्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून ब्रेकवरून उचलली. किल्ली काढली आणि मागे न वळता माझ्याकडे धरली.

"बस झालं आता. कोणाच्या पोरीले मारायचं नाही आपल्याले."

त्या किल्लीला त्यांच्या हाताचा घाम होता. मी ती पदराला पुसली. काहून पुसली ते मला आजही सांगता येत नाही.

व्हीलचेअरच्या दुकानात गेलो तेव्हा ह्यांनी न्हाणीघराच्या दाराचं माप टेपनं घेऊन पाठ केलं होतं. दुकानातला मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "आंटी, अंकल के लिए कैसी चाहिए?"

"अंकल यहीं बैठे हैं भैया," हे म्हणाले. "अंकल से पूछो."

त्यानंतर तो मुलगा ह्यांच्याशीच बोलला. जोडे घालून पाहावेत तसे हे एकेका खुर्चीत बसून पाहत होते. चकचकीत होती ती आमच्या दारातून जाणार नव्हती. हलकी होती तिचे हात पक्के होते, निघत नव्हते.

"हे हात निघाले पाहिजे," त्यांनी मला समजावलं. "मले पलंगावर सरकता आलं पाहिजे. हात मधात आला तर तुले उचलावं लागन."

"उचलीन न मग."

"तुझी कंबर गेली तर दोघांचं कोण पाहीन?"

मग म्हणाले, "मांगे जाय. ढकलून पाह्य." मी दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांना ढकललं. "वाकून राहिली तू," ते म्हणाले, आणि ती खुर्ची परत केली. पुढच्या खुर्चीचे मागचे दांडे उंच होते, मला ताठ उभं राहता येत होतं. तीच घेतली. बसायला ती जरा कडक आहे हे त्यांनी मला खूप नंतर सांगितलं.

खुर्ची घरात आली, पण घराबाहेर पडेना. आमचं दार रस्त्यापासून उंच, समोर दगडी पायऱ्या आणि गल्ली ही एवढीशी. कारखान्यातल्या जोडीदारांनी लोखंडी पत्र्याचा काढता-घालता येणारा उतार बनवून आणला. रविवारी चार-पाच जण टेम्पोतून घेऊन आले. सगळे उताराकडे पाहत होते, खिळ्यांकडे पाहत होते, ह्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं. शेवटी हेच ओरडले, "अरे उभे काय राहिले? चढून उड्या मारा, माझ्यापेक्षा वजन जास्त आहे तुमचं!" तेव्हा ते धट्टेकट्टे बाप्ये त्या पत्र्यावर लहान पोरांसारख्या उड्या मारायला लागले, आणि त्यातला एक उड्या मारता मारता रडायला लागला. मी चहाचा ट्रे तसाच आत नेला.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीला गेलो. सभागृहाला पायऱ्या होत्या. मी कोणाला काही म्हणायच्या आत चार तरुण पुढे झाले, "चला काका" म्हणत त्यांनी ह्यांना खुर्चीसकट उचललं. खुर्ची एका बाजूला कलली. ह्यांचा उजवा हात मांडीवरून घसरून बाहेर लोंबायला लागला, तो त्यांना आत घेता येईना. वर पोचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे सगळ्यांकडे पाहून हसले, आरतीला थांबले, प्रसाद खाल्ला. घरी आल्यावर मी विचारलं, बरं वाटलं का.

"मले विचारलं काय कोणी?" एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षी मंडळाचे लोक बोलवायला आले तेव्हा हे झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले.

विजेवर चालणारी खुर्ची आमच्या पोरीनं शोधली. ती बंगळूरला नोकरीला. लहानपणापासून तिला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीत. बाप मराठीत बोलायचा, ती हिंदीत, आणि दोघांची भांडणंसुद्धा अशीच व्हायची. ह्यांचा उजवा हात गेला म्हणून तिनं डाव्या हाताशी दांडी असलेली खुर्ची मागवली. ती यायला उशीर झाला. आली तोपर्यंत डाव्या हाताच्या करंगळीकडची दोन बोटं वाकायला लागली होती. पोरीनं ते पाहिलं आणि खोक्याच्या टेपा काढत राहिली.

पण अंगठा आणि पहिलं बोट चालत होतं. दांडी जराशी ढकलली की खुर्ची पुढे जायची. दोनदा दाराला धडकले, एकदा माझ्या तुळशीच्या कुंडीला. मग हात बसला. एका सकाळी म्हणाले, "तलावावर जाऊन येतो."

"चला, मी येते."

"तू मांगे राय. दूर राय जरा. बाजूले नको."

मी मागे राहिले. गल्लीतून, दुकानांसमोरून, स्कूटरवाल्यांच्या मधून ते एकटे चालले होते. कोणी हॉर्न वाजवला की माझी पावलं भरभर पडायची. ते वळून पाहत नव्हते. तलावाच्या कठड्याजवळ एक बाई टोपलीत जाम घेऊन बसली होती, जाम म्हणजे पेरू. हे तिच्यासमोर थांबले. काय बोलले मला ऐकू आलं नाही. ती हसली, मान डोलावून "हव, हव" म्हणाली, आणि एकेक फळ उचलून त्यांना दाखवू लागली. हे मानेनं नको म्हणायचे, मग दुसरं. असं बराच वेळ चाललं. शर्टाच्या खिशातून पैसे तिनंच काढून घेतले आणि जाम त्यांच्या मांडीवर ठेवले.

परत येताना त्यांनी खुर्ची माझ्याजवळ उभी केली. चेहरा लाल झाला होता उन्हानं.

"तुझ्यासाठी घेतले. पिकले नाही ते पाहून घेतले, तुले कच्चे आवडतात न."

लग्नानंतर इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्यासाठी कितीतरी वस्तू आणल्या असतील. मी कठड्याला टेकून तिथेच एक जाम खाल्ला.

थंडी संपायच्या आत तो अंगठाही गेला. मग मागच्या बाजूनं खुर्ची चालवायची दुसरी दांडी बसवून घेतली, ती मी चालवायची. ह्यांचं बोलणं आधी जड झालं, मग नुसते आवाज उरले. डोळे मात्र सगळं बोलायचे, आणि त्या डोळ्यांना मी कधी कधी टाळायची. पोरगी नोकरीचं काम घरून करायला म्हणून रायपूरला आली. त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसून लॅपटॉप उघडायची.

एकदा मी त्यांना खीर भरवत होते. ठसका लागला, खीर नाकातोंडातून बाहेर आली. मी पुसता पुसता रडायला लागले, थांबता थांबेना. हे माझ्याकडे पाहत होते, ओठ हलवत होते, नुसता घरघर आवाज येत होता. पोरीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा म्हणून राहिले," ती म्हणाली, "काहून रडून राहिली? जाऊ दे न. खीर गोड झाली होती."

तिच्या तोंडून मी असं कधीच ऐकलं नव्हतं. हुबेहूब तेच होते. ह्यांनी डोळे मिटले आणि उघडले, म्हणजे हो, तेच म्हणत होतो. त्या दिवसानंतर ती त्यांच्या वाटचं मराठी बोलू लागली. पंखा कमी कर. त्या सोफ्यावरच्या कपड्यांच्या घड्या कोण घालीन? मले उन्हात ने. कधी चुकायची, मग हे दोनदा डोळे मिटायचे आणि ती दुसरं वाक्य करून पाहायची. आमच्या घरात पुन्हा ह्यांचं बोलणं ऐकू यायला लागलं, पण ते पोरीच्या आवाजात. मला ते हवंही होतं आणि सहनही होत नव्हतं.

उन्हाळा लागताना एका सकाळी, मी त्यांची दाढी करून तोंड पुसत असताना, श्वास लांबला आणि परत आला नाही. गालाला अजून साबण होता. मी तो आधी पुसला, मग पोरीला हाक मारली.

दोन्ही खुर्च्या घरात राहिल्या. हातानं ढकलायची खुर्ची पोरीनं घडी करून पलंगाखाली सरकवली. विजेची खुर्ची खोलीच्या मधोमध उभी, तिला हलवायचं तर बटण दाबावं लागे आणि बटण दाबलं की ती आवाज करी. मी तिच्या बाजूनं ये-जा करायची. पोरगी म्हणाली, बॅटरी पडून पडून खराब होईल, कोणाला तरी उपयोगी पडू दे. तिनंच विचारपूस केली.

भनपुरीकडून एक नवरा-बायको आले. ती शाळेत शिकवायची. माझ्याहून कितीतरी लहान. चार पायांची काठी टेकत आली, आणि मी तिचा पाय पाहिला, तेव्हाच ओळखलं. तोच आजार. तिचा नवरा खुर्चीची चाकं पाहत राहिला, ती खुर्चीत बसली. तिचे पाय खाली पोचेनात, पाय ठेवायचा पायटा वर घ्यावा लागला. ह्यांच्या उंचीला बसवलेला तो पायटा पान्यानं सैल करताना मला वाटलं होतं माझ्यानं होणार नाही, पण झालं.

तिनं दांडी ढकलली, खुर्ची खोलीत गोल फिरली. ती हसली. खरंच छान हसली, मुलीसारखी. मग थांबून तिनं विचारलं, "आंटी, अंकल इसको खुद कितने दिन चला पाए?"

नवरा वर पाहू लागला. पोरगी दारात उभी होती, तिनं मान खाली घातली.

एक थंडीसुद्धा पुरी नाही, हे खरं उत्तर होतं. तिनं ते मागितलं होतं आणि तिला त्याचा हक्क होता. ह्यांना कोणी असं विचारलं असतं तर ह्यांनी खरं तेच सांगितलं असतं, मला माहीत आहे.

"बहुत दिन," मी म्हणाले. "बहुत दिन चलाई बेटा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला पटलं की नाही, मला कळलं नाही. तिनं फक्त दांडीवरचा हात काढला आणि माझ्या हातावर ठेवला. तो हात अजून गरम होता, पकड चांगली होती.

तिच्या नवऱ्यानं आणि आमच्या पोरीनं मिळून खुर्ची गाडीत चढवली. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत जाईपर्यंत मी दारात होते. मग आत आले. खोली इतकी मोठी आहे हे मी विसरले होते. पोरगी चहा ठेवते म्हणाली. मी नको म्हणाले आणि जिथे खुर्ची उभी असायची तिथे फरशीवर बसले, आणि ह्यांच्यासाठी रडता रडता खुर्ची घेऊन गेलेल्या त्या पोरीसाठीही रडले, जिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.