भेडाघाटला काढलेला फोटो

त्या प्रवासातले बहुतेक फोटो सुनेनं काढले, त्यामुळे ती स्वतः त्यांत फारशी नाहीच. एकात गाडीच्या आरशात तिचा अर्धा चेहरा आलाय, एकात नुसती सावली. पूर्ण अशी ती एकाच फोटोत आहे, भेडाघाटच्या. मला सगळ्यांत आवडतो तो तोच, पण तो उघडायला हात धजत नाही.

आम्ही दोघं शहराच्या कडेला, मिसरोदला राहतो. ह्यांची सगळी नोकरी त्याच शहरात, पिपलानीच्या कारखान्यात गेली, तिथल्या क्वार्टरमध्येच मुलगा मोठा झाला. निवृत्तीनंतर हा फ्लॅट घेतला. मुलगा, सून आणि नात बंगळूरला असायचे. दिवाळीला यायचे आणि आले तसे परत पळायचे. त्या वर्षी मात्र मुलगा म्हणाला, "बाबा, या खेपेला गाडीनं फिरून येऊ. पचमढी, तामिया, मग जबलपूर." ह्यांना कधीपासून तसं फिरायचं होतं. आदल्या दिवशी पंपावर उभं राहून चारही टायरची हवा तपासून घेतली, माझ्याकडून मेथीचे ठेपले करवून घेतले आणि दोनदा बॅगा भरल्या.

पचमढीहून तामियाला पोचलो तेव्हा सकाळ होती. दरीच्या कठड्याशी उभे राहिलो तर खाली जमीनच दिसेना. धुकं काठोकाठ भरलेलं, आणि त्यातून एखाददुसरा डोंगर बेटासारखा वर आलेला. नात ह्यांच्या खांद्यावर बसली होती.

"आबा, आपण ढगांच्या वर आहोत का?"

"हो."

"मग खाली कोण राहतं?"

"माणसंच राहतात. आत्ता चुली पेटवत असतील."

फोटोत दोघं पाठमोरे आहेत. तिनं ह्यांची कानटोपी दोन्ही हातांनी गच्च धरलीय.

पुढे छिंदवाड्याच्या रस्त्याला एक बाई सीताफळाची टोपली घेऊन बसली होती. आम्ही गाडी बाजूला घेतली आणि तिथंच उभ्यानं सीताफळं खाल्ली. सगळ्यांचे हात चिकट. मुलानं बाटलीतून सुनेच्या हातांवर पाणी घातलं. ती म्हणाली, "थँक्यू." तो म्हणाला, "अजून हवंय?" ती म्हणाली, "नको, बास." सगळ्या वाटेत दोघं असंच बोलत होते, परक्या माणसांशी बोलावं तसं नीट, अदबीनं. आधी फोनवर त्यांची कुरबूर माझ्या कानावर येत असे. मला वाटलं, चला, निवळलं म्हणायचं.

भेडाघाटला आधी धुआँधार धबधबा बघितला. नर्मदा इतकी जोरात खाली आदळते की अंगावर पाऊस पडल्यासारखे तुषार येतात. नात ओरडत नाचत होती. मग होडीत बसायचं ठरलं. माझे गुडघे होडीत चढू देईनात, म्हणून सून माझ्यासोबत घाटावर थांबली. ती तिघं गेली. संगमरवरी कड्यांच्या मधून होडी आत शिरली, तशी ती म्हणाली, "आई, तुम्हाला एक सांगायचंय. आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय."

मी होडीकडेच बघत होते. नावाड्याचं बोलणं कड्यांवर आपटून आमच्यापर्यंत येत होतं.

"कधी ठरलं हे?"

"उन्हाळ्यात."

"मग हा प्रवास?"

"बाबांना सगळ्यांबरोबर फिरायचं होतं ना. आणि मलाही यायचं होतं. घरी पोचल्यावर तो तुम्हा दोघांना सांगणार आहे. पण तुम्हाला मी सांगावं असं वाटलं मला."

"त्याचं काही चुकलं का? दुसरं कुणी आहे?"

"नाही हो. तसं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं."

"आणि पोर?"

"माझ्याकडे राहील. तुम्ही कधीही फोन करा. मी नाही म्हणणार नाही."

तिचा हात धरून बसून राहिले. ती रडत नव्हती. तिचं रडून झालं असावं.

होडी परत आली. हे उतरता उतरताच सांगायला लागले, "अगं, आत दगड निळे दिसतात. तू यायला हवं होतंस." मग घाटावरच्या मूर्तीवाल्याला म्हणाले, "भैया, हम सबका एक फोटो खींच दो." तो म्हणाला, "आंटीजी, थोड़ा पास आइए. हाँ, अब हँसिए."

मी हसले. फोटोत सून मधोमध आहे, मी तिचा दंड धरलाय, ह्यांचा हात मुलाच्या खांद्यावर आहे. सगळे छान दिसतात.

परतीच्या वाटेवर नात माझ्या मांडीवर झोपली. पायाला मुंग्या आल्या, तरी मी तिला खाली ठेवलं नाही.

घरी आल्यावर मुलानं सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे निघताना तुम्हाला माहीत होतं?"

"हो, बाबा."

"तामियाला उभे होतो, तेव्हाही?"

हे उठले, फडकं घेतलं आणि खाली जाऊन बराच वेळ गाडी पुसत बसले.

सून आता पुण्यात असते. तिनं शब्द पाळला. रविवारी ती स्वतः फोन लावते आणि पोरीच्या हातात देते. एकदा व्हिडिओ कॉलवर ह्यांनी नातीला तो तामियाचा फोटो दाखवला. "ही कोण, सांग बघू?" ती म्हणाली, "मीच आहे. पण आबा, मला ते आठवत नाही. फोटो तेवढा आठवतो." हे म्हणाले, "बरं, बरं." नंतर मला म्हणाले, "लहान होती ना ती."

गेल्या दिवाळीला मुलगा एकटा आला. जेवला, झोपला, गेला.

परवा सुनेचा वाढदिवस होता, म्हणून मी फोन केला. तिनं नेहमीसारखं "बोला, आई" म्हटलं आणि एकदम थांबली. मग हळूच विचारलं, "मी तुम्हाला आई म्हटलेलं अजून चालतं ना?"

"मग काय म्हणणार आहेस?" मी म्हटलं. "जेवलीस का?"

फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले, मिक्सर लावला आणि त्याच्या आवाजात रडून घेतलं. हे बाहेर पेपर वाचत होते.