मेंढ्यांचा रंग आणि मर्लचं बाटिक

मर्ल हॉजकिस आमच्या शाळेत इंडोनेशियन शिकवते. आधी ती फ्रेंच शिकवायची. तीस वर्षांपूर्वी वरून हुकूम आला की ऑस्ट्रेलियातल्या मुलांना शेजारचा आशिया कळलाच पाहिजे. फ्रेंच गेलं आणि मर्लला इंडोनेशियन शिकायला संध्याकाळच्या वर्गाला बसवलं. इंडोनेशियात ती एकदाच गेली, बालीला, सात दिवस; त्यातले चार संडासात. तरी तिथे शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं मुलं तिला ‘बू’ म्हणतात, आणि ती बोलू लागली की सुकलेल्या गव्हाच्या शेतावरून ओलसर वारा गेल्यासारखं वाटतं.

तो हुकूम अजून आहे. गणितापासून चित्रकलेपर्यंत प्रत्येक विषयात आशिया हवा. आम्ही बाकीचे शिक्षक वर्षातून एकदा परतलेला भात खाऊन तो पाळतो.

यंदा मुख्याध्यापक क्रेग डन्स्टन म्हणाला, “शनिवारी शाळेच्या जत्रेत इंडोनेशियनसाठी पुढच्या वर्षीच्या सातवीची पंधरा नावं मिळव. नाहीतर तुझा विषय बंद, आणि तुझ्या खोलीत रोबॉटिक्सवाल्यांचे रोबॉट येतील.”

“येऊ देत,” मर्ल म्हणाली. “तुझ्या मीटिंगांना त्यांनाच बसव.”

पण त्या दिवशी तिने डबा उघडलाही नाही.

तिने मुलांना बाटिक करायला लावलं. कापडावर मेणाने नक्षी काढायची, मग रंगवायचं, शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढायचं. नक्षी मात्र प्रत्येकाच्या घरची. कोणी पवनचक्की काढली, कोणी आटलेलं तळं, कोणी अंगणात मरून पडलेला ट्रक. गुरुवारपर्यंत रंगाचं पार्सल आलंच नाही. आठवीतल्या टालियाचा बाप, ट्रेव्ह लॅकमन, मेंढ्यांवर खुणा करायच्या निळ्या रंगाचे दोन डबे घेऊन आला. आमच्याकडे कुंपणापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळं मेंढ्यांच्या सामानातूनच उभं राहतं. कापडं त्यातच रंगवली; कोणाला काही वावगं वाटलं नाही.

शनिवारी सॉसेज भाजायच्या शेगडीशेजारी मोठं पातेलं उकळत होतं. भोवती पालक जमले. मर्लने पहिलं कापड बुडवलं. मेण वर आलं. पाठोपाठ निळा रंगही आला. बाहेर निघालं ते पांढरंशुभ्र फडकं. दुसरं तसंच. तिसरंही.

“जाणारच तो,” ट्रेव्ह म्हणाला. “लोकर धुताना निघावा म्हणूनच बनवतात.”

“हे गुरुवारी का नाही सांगितलंस?”

“तू उकळणार आहेस हे कुठे माहीत होतं, मर्ल? आम्ही मेंढ्या उकळत नाही.”

सगळे इतके हसले की सॉसेज करपले. मर्ल हसली नाही. चौथं कापड पातेल्यावर धरून ती नुसती उभी होती. टालियाने ते तिच्या हातून काढून घेतलं आणि उन्हात धरलं. मेणाच्या रेघांमधून उजेड झिरपला.

“तिकडे जावा बेटावर बायका असल्या एका कापडाला महिनोन्महिने लावतात,” टालिया म्हणाली. “आम्ही तीन आठवडे लावले. बाबांनी पाच मिनिटांत वाट लावली.”

“निलगिरीचा पाला उकळा,” सूत कातणारी म्हातारी डॉट व्हेरल पुढे सरसावली. “त्याचा रंग तुझ्या बापाला पुरून उरेल!”

“आधी तुरटी लागते, डॉट!” कोणाची तरी आई ओरडली. मग जी जुंपली ती जुंपली. पोरं मैदानातल्या निलगिरीच्या फांद्या तोडून आणू लागली. पाणी तांबूस झालं. कापडांवरचं मेण वितळू नये म्हणून ते निवत ठेवलं. कोणी घरी जाईना. प्रत्येक पोर आपापल्या आईबापांना जावाची रीत समजावत होतं, आणि मर्ल नावांचा कागद फिरवत होती. ट्रेव्हने शरमून आपल्या धाकट्याचं नाव पहिलंच लिहिलं.

दुपारी क्रेगने मोजलं. “चौदा. सॉरी, मर्ल. नियम म्हणजे नियम.”

“तुझी ब्रियोनी पुढच्या वर्षी सातवीत ना?”

“तिला रोबॉट हवेत.”

ब्रियोनी डॉटच्या शेजारी उकिडवी बसून पाला खुडत होती. तिने मान वर केली नाही.

“बाबा, माझं नाव तूच लिही ना. माझे हात भरलेत.”

क्रेगने खिसे चाचपले. मर्लने पेन उघडून पुढे धरलं होतं.