मयत फंडाची शेठाणी

"आवो, आवो शेठाणी!"

साहेब खुर्चीतून अर्धा उठला. हात जोडले. माझं पासबुक उंच धरून त्याने मागच्या रांगेला आकडा वाचून दाखवला. एक लाख अकरा हजार. आधी गुजरातीत, मग हिंदीत. कुणी वंचित राहायला नको.

रांग हसली. मीही हसले. पदर सावरून, मान वाकडी करून, शेठाणी हसेल तशी. नकला मला जमतात. गल्लीत हळद असली की आधी मला बोलावणं येतं.

सुरतेच्या त्या कचेरीत मी उत्पन्नाचा दाखला काढायला गेले होते. दाखला मिळाला तर इलाजाचं कार्ड, आणि कार्ड मिळालं तर नवऱ्याला मोफत इलाज. माणूस पंचवीस वर्षं लूमवर उभा राहिला. आता दोन पायऱ्या चढला की छाती शिट्टी वाजवते. मी घरी साड्यांवर खडे चिकटवते, त्यावर चूल पेटते. कागदांच्या यादीत पासबुक नव्हतंच. साहेबाने मागितलं, मी दिलं. घाबरायचं कशाला? त्यातला एकही रुपया माझा नव्हता.

ते पैसे मयत फंडाचे. सुरतेच्या बमरोलीतल्या आमच्या गल्लीत चाळीस घरं खानदेशची. कुणी मेलं की मातीला गावी न्यायचं, ही आमची रीत. गाडीचं भाडं लागतं, म्हणून महिन्याला घरटी शंभर रुपये. पूर्वी फंड पुरुषांकडे असायचा. त्यांच्याकडे तो कुणी मरायच्या आधीच संपायचा. मग बायकांनी तो काढून घेतला आणि माझ्या खात्यात ठेवला. कारण मला सही येते. एवढाच गुन्हा.

हे सगळं मी साहेबाला सांगितलं. चाळीस नावांची वही दाखवली.

"खातं कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"मग पैसा तुझाच. यातून कर ना नवऱ्याचा इलाज. नाहीतरी गाडी त्याच्यासाठीच लागणार!"

शेठाणीची एका मिनिटात 'तू' झाली. रांग पुन्हा हसली. माझ्या तोंडावर मघाचं हसू तसंच चिकटलेलं. काढायचं कसं, कळेना. जन्मभर मी अशीच हसत आले. शेठने मजुरी कापली, हसले. घरमालकाने नळ तोडला, तरी हसले. त्या क्षणी मला माझ्याच तोंडाची किळस आली.

"साहेब, नाही म्हणताय ना? मग लिहून द्या. का नाही, ते लिहा. सही करा, शिक्का मारा."

आता कुणी हसलं नाही. साहेबाने पासबुक खिडकीतून भिरकावलं. "चलो, पुढचा!"

बाहेर झेरॉक्सवाल्याने युक्ती सांगितली. "मावशी, पैसे दुसरीच्या नावावर टाका. रिकामं पासबुक घेऊन या."

शेजारची रुखमाजिजी लगेच तयार झाली. "टाक मन्हा नाववर." जिजीला विधवेचं पेन्शन मिळतं. उद्या तिचंही पासबुक कुणी मागितलं तर? गल्लीत असं एकही घर नाही, जे कधी ना कधी त्या खिडकीपुढे उभं राहणार नाही. जिच्या नावावर टाकू, ती शेठाणी. मी पैसे हलवले नाहीत.

दाखला मिळाला नाही. मिळेल असं वाटतही नाही. दर सोमवारी जाते, नकार लेखी मागते, शिपाई मला बाजूला करतो. नवऱ्याची छाती आता बसल्या जागीही वाजते.

परवा त्याला सांगून टाकलं. "तुम्ही गेलात तर गाडी सरळ गावाला जाणार नाही. आधी कचेरीच्या दारात थांबेल."

तो खोकला, मग हसला. "भाडं वाढी ना वं."

"वाढू द्या."

त्याच संध्याकाळी बायकांना बोलावलं. वाढीव भाड्याला चाळीसही घरांनी होकार दिला. वहीत लिहून ठेवलंय. सोमवारी मी जाणारच. साहेबाने लिहून दिलं नाही, तर एक दिवस नवऱ्याला तोंडावरचं कापड काढून त्याच्या खिडकीपुढे ठेवीन. तो लिहीपर्यंत गाडी हलणार नाही.