कांताक्कांनी फ्रीज सोडला

दिपालीच्या पोरीचा जीव शेजारणीच्या फ्रीजमध्ये असायचा, ताकाच्या भांड्याशेजारी. सौम्या नऊ वर्षांची, चौथ्या वर्षापासून साखरेच्या आजारात. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिन टोचायचं, आणि ती बाटली कांताक्कांकडं. दिपाली निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. बोरगावात परत आली की आधी आक्कांचं दार, मग आपलं. आक्का कधी नाही म्हणाल्या नाहीत. पण दुसऱ्याच्या दारात दिवसातून दोनदा जायचं म्हणजे तोंड हसरं लागतं, आणि त्या हसण्यानंच दिपाली निम्मी दमायची.

यंदा पर्युषणात आक्कांची पंचाईत झाली. जैन मुनिमहाराजांसमोर बाकीच्या बायकांनी कुणी टीव्ही सोडला, कुणी गोड सोडलं. आक्कांकडं सोडायला काही उरलंच नव्हतं. कांदा-बटाटा जन्मापासून बंद, गोड आणि टीव्ही केव्हाच गेलेले. ईर्षेला पेटून त्या म्हणाल्या, "दहा दिवस फ्रीज सोडला." आणि नियमही अर्धामुर्धा नाही: उघडायचा नाही, कुणाला उघडायला सांगायचं नाही, कुणी उघडलाच तर मनातसुद्धा बरं वाटून घ्यायचं नाही.

संध्याकाळी दिपाली दारात आली. "आक्का, बाटली घेऊ?"

आक्कांनी तोंड भिंतीकडं फिरवलं आणि मोठमोठ्यानं णमोकार मंत्र म्हणायला लागल्या. घे म्हणावं तर नियम मोडतो, नको म्हणावं तर पोरीचा जीव. आपलं काय चुकलं हे दिपालीला कळेना.

शेवटी आक्कांचे मालक शांतिनाथअण्णा म्हणाले, "तिला इचारू नगंस. तिनं फ्रीज सोडलाय. तूच उघड."

दिपालीनं बाटली काढली. ती बघून आक्कांना मनातून बरं वाटलं. झालं, नियम मोडला. प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी उपास. त्या दिवशीही बाटली बघून बरं वाटलं, म्हणून तिसऱ्या दिवशीही उपास.

"हिला बरं वाटायचं थांबंना," अण्णा वैतागले. "उपासानंच जाईल ही." चौथ्या दिवशी चार माणसं लावून त्यांनी फ्रीजच दिपालीच्या खोलीत नेऊन ठेवला.

खोली ती केवढी. दिपालीचा नवरा सूरज पाय उंबऱ्याबाहेर टाकून झोपायला लागला. दिपाली मात्र खूश होती. उगाचच दार उघडून बाटली बघायची. कुणाला विचारायचं नाही, कुणापुढं हसायचं नाही. सातव्या दिवशी पलीकडची बाळाबाई दुधाची पिशवी ठेवायला आली आणि दारातच ओशाळं हसली. ते हसू दिपालीनं बरोबर ओळखलं. तिला गलबलून आलं.

दहाव्या दिवशी तिचा धीर सुटला. उद्या फ्रीज परत जाणार. सौम्याचं बोट धरून ती जैनांच्या बस्तीत गेली. देवळाच्या त्या पायऱ्या ती जन्मात कधी चढली नव्हती. हात जोडून, डोळे गच्च मिटून तिनं मागितलं, "देवा, आक्कांना जन्मभर फ्रीज सोडायची बुद्धी दे." एकदा नाही, पाचदा मागितलं.

परतताना सौम्यानं विचारलं, "आई, मी बरी व्हावी म्हणून मागितलंस न्हवं?"

दिपाली रस्त्यातच थांबली. प्रत्यक्ष देवासमोर उभं राहूनही ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"हितंच थांब गं जरा," ती म्हणाली, आणि बस्तीकडं परत पळाली.