तापल्यावरच अडकणारा गिअर

मंडळी, मी रडायच्या बेतात आहे.

माझी ऑटोमॅटिक टर्बो गाडी तापली की गिअर उशिरा बदलते. आज ठाणे-बेलापूर रोडवर ओव्हरटेक करताना गिअर पडलाच नाही. मागून ट्रेलर येत होता, शेजारी लेक किंचाळत होती.

गिअरबॉक्समधली व्हॉल्व्ह बॉडी तेलाच्या दाबाने गिअर बदलते. ती झिजली की तापलेलं, पातळ तेल आतल्या आत निसटतं आणि दाब कमी पडतो. वाचून एवढं कळलंय.

पण महाप्याचा गॅरेजवाला दर वेळी म्हणतो, "मॅडम, आधी थंड होऊ द्या, मग ट्रायल घेतो." थंड गाडी मख्खन चालते! "काहीच नाय, मॅडम. उगाच टेन्शन घेता." नवऱ्याचंही तेच.

म्हणून आत्ता गॅरेजच्या दारात इंजिन चालू ठेवून बसलेय. तो जेवायला गेलाय.

पेट्रोलचा दिवा लागलाय. बंद करू का?