जुन्या मेणाचा वास

इद्दर मधमाश्यांच्या कणगीवर बोटाच्या पेराने एकदा टकटक करायचा आणि कान लावायचा. धडधाकट मोहोळ लगेच उत्तर देतं, तुटक, आणि गप्प होतं. राणीमाशी मेली असेल तर आतून लांबलचक कण्हणं येतं. त्या थंडीत एका कणगीतून आलेलं उत्तर मात्र या दोन्हींसारखं नव्हतं. कुणी ओल्या चिंधीआडून बोलावं तसं ते होतं.

सूस मुलखातल्या एका डोंगरउतारावर गावाची माश्यांची भिंत होती, दगडमातीच्या खणांची, पाच मजल्यांची. घराघराच्या ओळी ठरलेल्या. खणाखणात बोरूच्या विणलेल्या, शेणमातीने लिंपलेल्या आडव्या कणग्या. गावाचा एक नियम असा, की बदामाचा मोहर गळेपर्यंत कुणी कणगी उघडायची नाही. थंडीने पिल्लं मरतात. तरुणपणी एका दुष्काळात इद्दरने मध काढलाच नव्हता. लोक हसले. पुढच्या वसंतात भिंतीवर फक्त त्याच्याच माश्या उडत होत्या. तेव्हापासून नियम कधी पाळायचा आणि कधी वाकवायचा हे गाव त्याला विचारी. तो म्हणे, माश्या सांगतात, आपण ऐकायचं.

त्याने मोहर गळायची वाट पाहिली नाही. त्या कणगीची मागची चकती सैल केली आणि सुताराच्या सरसासारखा वास नाकात शिरला. पोळ्यातल्या पिल्लांच्या बंद घरांची झाकणं खोल गेलेली होती. एका घरात त्याने काडी घालून हळूच ओढली. तपकिरी चिकट तार निघाली, बोटभर लांब, तुटेना.

ती तार त्याने चाळीस वर्षांपूर्वी एकदाच पाहिली होती, पलीकडच्या खोऱ्यात. तिथली भिंत त्या रोगाने एका वर्षात रिकामी झाली. आता तिच्या खणांत शेळ्या बांधतात.

ही कणगी तिथलीच होती.

ओढा तीन वर्षं आटलेला, नवी कणगी विणायला बोरू नव्हता. म्हणून गेल्या वसंतात इद्दर खेचर घेऊन पलीकडे गेला आणि तिथल्या नऊ रिकाम्या कणग्या आणल्या. चार स्वतःला ठेवल्या, पाच तुदाला दिल्या. तुदा त्याच्या धाकट्या भावाची विधवा. तिचं जे काही होतं ते त्या माश्यांवर. नवा थवा जुन्या कणगीत घालावा, जुन्या मेणाच्या वासाला माश्या लवकर रमतात, हे तो जन्मभर सांगत आला होता. हा एकच नियम त्याने कधी उलटून पाहिला नव्हता. चाळीस वर्षांत रोगही मरून गेला असेल, असं तो धरून चालला होता.

तुदा सातूची भाकरी थापत होती. त्याने सगळं सांगितलं, खाली मान घालून. तिने हात पुसले आणि त्याला भिंतीपाशी नेलं. त्याने तिच्या पाचही कणग्यांवर टकटक केली. पाचही वेळा उत्तर आलं, तुटक, स्वच्छ.

"ऐकलंस ना, दादा?"

"ऐकलं. तरी जाळायच्या."

"तुझी एक बिघडली म्हणून माझ्या जिवंत जाळू? माश्या सांगतात ते ऐकायचं, हे गावाला कोण शिकवत होतं?"

"या दुखण्यात माश्या खोटं बोलतात, तुदा. आधी सगळं ठीक सांगतात."

"मग आजवर खरं कधी बोलल्या, ते तरी तुला कसं कळलं?" एवढं म्हणून ती भाकरीकडे परत गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना, माश्या गारठून आत असताना, त्याने स्वतःच्या चारही कणग्यांची तोंडं मातीने बंद केली आणि एकेक उचलून भिंतीखालच्या खड्ड्यात नेली. जिवंत मोहोळ जाळणाऱ्याचं तोंड पाहू नये म्हणतात. गावातलं कुणी फिरकलं नाही. त्याने आग लावली तसं मेण तडतडलं. आतला आवाज चढत गेला आणि मग एकाएकी थांबला. त्याने वर कमरेइतकी माती लोटली.

ऊन वर आलं तेव्हा तो खड्ड्यापाशीच बसला होता. तुदा पायवाटेने खाली आली आणि मधेच थांबली. तिची नजर जमिनीवर होती.

शेवटची कणगी उचलताना खालून तडकली होती. भिंतीपासून खड्ड्यापर्यंत मधाचे थेंब पडत आले होते आणि प्रत्येक थेंबाभोवती माश्या दाटल्या होत्या. फुलं नसलेल्या दिवसांतल्या, भुकेल्या. पोट भरलं की एकेक जड होऊन उठत होती आणि भिंतीकडे जात होती. रोग त्या मधातूनच जातो; इद्दर धावला, मुठी भरभरून माती टाकू लागला. माती पडे तिथून त्या उठत आणि पुढच्या थेंबावर बसत.

"यातल्या माझ्या कुठल्या, दादा?" तुदाने विचारलं.

त्याने वर पाहिलं. माश्या पाचही मजल्यांवर परतत होत्या, खणाखणात शिरत होत्या.

"सगळ्यांच्याच आहेत," तो म्हणाला, आणि गुडघ्यांवर बसून पुन्हा माती ओढू लागला.