खडीच्या ढिगावरचं राज्य

होटगीला रेल्वेच्या चाळीमागं खडीचा ढीग होता. त्यावर आमचं साम्राज्य, माझं आणि थोरल्या भावाचं. गोऱ्या साहेबाच्या कितीतरी आधीचं, असं आम्हीच ठरवलेलं. दादा सम्राट. बाकीचं सगळं मी केलं. फुटका पाटा उभा करून देवी मी बसवली. तिला गूळ चालायचा नाही, हिरवी मिरचीच लागायची. भाषा दोन केल्या. राजाची भाषा नुसती हुकमाची, तिच्यात 'चुकलं' म्हणायला शब्दच नव्हता. तो शब्द बायकांच्या भाषेत, आणि ती काही दादाला यायची नाही. कायदाही माझाच: राजानं अपराध केला तर देवीपुढं अनवाणी उभं राहून बायकांच्या भाषेत 'चुकलं' म्हणायचं. नाही म्हणाला तर राज्य गेलं.

पुढं दादा शाळेत गेला आणि मी चुलीपुढं. किराण्याच्या पुड्या सोडवून सोडवून मी वाचायला शिकले, हे त्याला ठाऊकच नाही.

मध्यंतरी तो सोलापुरात माझ्या घरी आला, स्वतःचं पुस्तक घेऊन. आख्खं साम्राज्य त्यात. देवी त्याची, कायदा त्याचा, भाषा त्याच्या. मी कुठं? एका ओळीत. 'धाकटी बहीण पाणी आणून द्यायची.' तो चहा पीत होता. त्याला वाटलं, ही चित्रं बघतीय.

"लोक विचारतात गं, बायकांच्या भाषेतले शब्द कोणते," तो म्हणाला. "दुसऱ्या आवृत्तीत यादी द्यायचीय. तुला आठवतंय का काही?"

"समदं आठवतंय की."

"मग सांग." त्यानं पेन काढलं.

"आदी मोजे काढ."

लग्नात मी तो पाटा बरोबर आणला होता. सासूबाई लई हसल्या होत्या. अजून न्हाणीच्या दाराशी उभा आहे. दादा हसत हसत त्याच्यापुढं अनवाणी उभा राहिला.

"आता म्हण."

"काय म्हणू?"

"कायदा तुज्याच पुस्तकात हाय की. पाणी आणणारीनं वाचलाय."

त्याचं हसू गेलं. त्यानं पेन खिशात ठेवलं. मग हळूच म्हणाला, "चुकलं बाई."

"मराटी हितं चालत न्हाय, दादा."

तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन येतो. शब्द सांग म्हणतो. यादी अडलीय म्हणतो. मी गुडघ्यांचं दुखणं सांगते, पाऊसपाणी सांगते. 'चुकलं'चा तो शब्द दोन अक्षरी आहे. रोज सकाळी देवीपुढं मिरची ठेवताना मी तो मोठ्यानं म्हणते, विसरू नये म्हणून. माझ्याबरोबर जाईल तो. दादाला मिळायचा नाही.